स्वसंरक्षण: आधी डोळे, मग पाय, हात सगळ्यात शेवटी

"ताई, मी मिरचीचा स्प्रे घेतला," असं सांगत एक मुलगी वर्गाला आली. कुठे आहे विचारलं तर तिनं बॅग उघडली. डबा निघाला, छत्री निघाली, चार्जर निघाला, आणि तळाशी गेलेली बाटली हातात यायला अठरा सेकंद लागले. मी मोजत होते. धावत येणारा माणूस वीस फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो.

दक्षिण नागपुरातल्या एका बागेत रविवारी सकाळी मी हे शिकवते. नोकरीवाल्या बायका येतात, हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी मुलं येतात, सकाळी फिरायला आलेले काका-काकू कट्ट्यावर बसून ऐकता ऐकता सामील होतात. सगळ्यांची चूक एकच असते. शेवटच्या पायरीवरून सुरुवात करायची, म्हणजे ठोसा कसा मारायचा, पकड कशी सोडवायची, स्प्रे कुठला घ्यायचा. या पायऱ्या लागतात, पण त्यांच्याआधी पाच पायऱ्या आहेत आणि बहुतेक प्रसंग त्या पाचांतच मिटतात. क्रम असा: तयारी, नजर, अंतर, आवाज, सुटका, हात. त्यानंतरचा एक तासही याच शिक्षणाचा भाग आहे. खालचे टप्पे याच क्रमानं करा. एक पक्का झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका.

## टप्पा १: आठवडाभराची तयारी

रस्ता कागदावर काढा. घर ते कामाची जागा, घर ते क्लास, घर ते बाजार. नकाशा सुंदर नको, खुणा खऱ्या हव्यात. दोन रंगांचे पेन घ्या. एका रंगानं रात्री उघड्या आणि उजेडाच्या जागा: पेट्रोल पंप, उशिरापर्यंत चालणारं औषधाचं दुकान, पोलीस ठाणे, मोठं रुग्णालय. मेडिकल आणि मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांचा अपघात विभाग रात्रभर जागा असतो. तिथे डॉक्टर, सुरक्षारक्षक, नातेवाइकांची गर्दी असं सगळं असतं, म्हणून त्या बाजूला राहणाऱ्यांनी त्यावर पहिली खूण करावी. दुसऱ्या रंगानं अडचणीच्या जागा: नव्या लेआउटमधले रिकामे प्लॉट, दिवे नसलेला तुकडा, रेल्वेपुलाखालचा बोगदा, जिथे गाडी वळवता येत नाही अशी गल्ली.

मग तोच रस्ता तीन वेळांना स्वतः बघा: सकाळी साडेपाच, दुपारी दोन आणि रात्री दहा. दुपार लोक विसरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी एक ते चार या वेळात मनीषनगर, बेसा, मानेवाड्याच्या आतल्या गल्ल्या मध्यरात्रीपेक्षा सुन्या होतात. दारं बंद, खिडक्यांना पडदे, कूलर चालू. हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. त्यात प्रत्येकाचं तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं असल्यामुळे समोरचा कोण हेही कळत नाही. अंधार म्हणजे धोका हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. धोका असतो तो एकांतात, मग तो भर उन्हातला का असेना.

फोन तयार करा. देशभरात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्हींसाठी तोच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, महिलांसाठी १०९१ आणि १८१, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९. पण घाबरलेल्या अवस्थेत सहा आकडे आठवणार नाहीत. ११२ एवढाच पाठ करा. बाकीचे फोनमध्ये नाव घालून ठेवा.

फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन कॉलचा पर्याय शोधा. काही फोनमध्ये पॉवरचं बटण तीनदा झटपट दाबावं लागतं, काहींत पाचदा. साध्या कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायची सोय असते. तुमच्या फोनवर नेमकं काय आहे ते आज घरी बसून पाहा. विनाकारण कॉल लावून बघू नका, ती लाइन दुसऱ्या कुणाला लागत असेल.

दोन माणसं ठरवा. त्यांना रोजच्या वेळा सांगा आणि उशिरा निघताना चालू लोकेशन पाठवा. त्यांचे नंबर तोंडपाठ हवेत, कारण हिसकावली जाणारी पहिली वस्तू फोनच असते.

अंगावर काय आहे ते बघा. पायात काय घालून तुम्ही धावू शकता? पन्नास पावलं पळून बघा. ऑफिसची चप्पल निसटत असेल तर ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या, येता-जाता बूट किंवा पट्ट्याची सँडल घाला. पर्सचा पट्टा गळ्यात तिरका अडकवून गाडी चालवणं ही शहरभर दिसणारी चूक आहे. मागून येणाऱ्यानं पट्टा ओढला की पर्स तुटत नाही, माणूस रस्त्यावर पडतो. पर्स डिक्कीत ठेवा. ऑटोत बसल्यावर बॅग बाहेरच्या बाजूला नको, दोन पायांच्या मध्ये हवी.

> तपासणी: फोन न बघता दोन नंबर सांगा. डोळे मिटून आपत्कालीन बटण दाबायची कृती सांगा. रस्त्यावरच्या तीन उजेडाच्या जागा सांगा. तिन्ही जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: नजर

"सावध राहा" असं घरचे रोज सांगतात. सावध म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मी तीन जागा सांगते. दार ओलांडताना, वाहन बदलताना, आणि गर्दीतून एकांतात शिरताना. घराचं फाटक, गाडीचं स्टँड, मेट्रोचा जिना, ऑटोतून उतरायची जागा, मोठ्या रस्त्यावरून लेआउटमध्ये वळायचा कोपरा. दिवसभर ताणून राहायची गरज नाही, तसं राहता येतही नाही. या तीन जागी मात्र फोन खिशात, कान मोकळे, मान वर.

काय बघायचं? माणसाचे कपडे, रंग, गरिबी यांवरून काही ठरवू नका, त्यानं फसगतच होते. त्याचे हात बघा आणि तो करतो काय ते बघा. हात लपवलेले आहेत का? सगळे चालत असताना तो थांबलाय का? तुम्ही थांबलात की तोही थांबतो का? मोटारसायकल चालू ठेवून दोघे बसलेत आणि मागचा उतरून येतोय, असं आहे का? कारण न देता जवळ येतोय का? एक खूण दिसली तर लक्ष ठेवा. दोन दिसल्या तर जागा सोडा. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. उगाच जागा सोडली तर दोन मिनिटं वाया जातात, एवढंच.

सकाळी फिरणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे तुमच्या बाजूची वाहनं समोरून येतील. साखळी हिसकावणारे बहुतेक वेळा दुचाकीवरून मागून येतात, आणि डाव्या कडेनं चालताना ते दिसतच नाहीत. पत्ता विचारायला गाडी जवळ आली तर दोन पावलं मागे सरून लांबूनच बोला. आणि कोणी साध्या वेषातला माणूस "मी पोलीस आहे, पुढे मर्डर झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा" असं म्हणाला तर तो तोतया आहे. खरा पोलीस रस्त्यात तुमचे दागिने कधीच हातात मागत नाही. काकूंना मी हे वाक्य म्हणून घेते: "चला, समोरच्या ठाण्यात जाऊन काढते." हे ऐकल्यावर तोतया थांबत नाही.

ऑटोत बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो घ्या आणि घरी पाठवा, चालकाला दिसेल असाच घ्या. चांगला चालक रागावत नाही. फोटो शक्य नसेल तर शेवटचे चार आकडे आणि त्याआधीची अक्षरं लक्षात ठेवा. एमएच ३१ शहर, ४९ पूर्व नागपूर, ४० ग्रामीण, एवढं माहीत असलं की सुरुवात पाठ करावी लागत नाही.

> धोक्याची सूचना: दोन्ही कानांत इअरफोन आणि त्यावरून दुपट्टा, ही उन्हाळ्यातली सवय मोडा. दुपट्टा बांधायलाच लागतो, मी पण बांधते. पण मग गाणी नकोत, आणि चालताना दर वीस-तीस पावलांनी मान मागे वळलीच पाहिजे, कारण कापडानं बाजूचं दिसणं आणि ऐकणं दोन्ही कमी होतं.

## टप्पा ३: अंतर

वर्गात मी दोघांना समोरासमोर उभं करते. एकाला सांगते, हात लांब करून समोरच्याला लागेल इतकं जवळ जा. मग दुसऱ्याला म्हणते, त्याचा हात सुटला की अडव. एकालाही जमत नाही. नंतर अंतर दोन हातांचं करते. आता जवळपास सगळे निदान मागे तरी सरतात. शिकायचं ते इतकंच, की अनोळखी माणूस दोन हातांपेक्षा जवळ आला की तुमच्याकडे वेळ उरत नाही.

त्यामुळे तो एक पाऊल पुढे आला तर तुम्ही एक मागे. सरळ मागे नको, तिरकं जा. सरळ मागे गेलात तर भिंतीला किंवा गाडीला लागता. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे. बघणाऱ्याला वाटतं तुम्ही समजावताय, पण हात आधीच वर आलेले असतात. एक पाय थोडा मागे. मुठी आवळू नका, त्यानं भांडण सुरू झाल्यासारखं दिसतं.

मधे काहीतरी वस्तू असू द्या. उभी गाडी, भाजीचा ठेला, दुभाजक, बाकडं. मुलांना मी उभ्या कारभोवती पकडापकडी खेळवते. त्यांना गंमत वाटते, पण एकट्या माणसाला गाडीभोवती फिरणाऱ्याला पकडता येत नाही हे त्यांना त्यातूनच पटतं.

कोणी मागे लागलंय असा संशय आला तर एकाच बाजूला चार वळणं घ्या. चार वळणांनी माणूस मूळ जागी येतो, आणि कामाला निघालेला कोणी तसं फिरत नाही. चौथ्या वळणानंतरही तीच गाडी मागे असेल तर घरी जाऊ नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण घर म्हणजे सुरक्षित असं मन सांगतं. पण फाटकाचं कुलूप उघडेपर्यंत तुम्ही पाठमोरे उभे असता, आणि त्याला तुमचा पत्ताही कळतो. कागदावर खूण केलेल्या उजेडाच्या जागेकडे वळा आणि तिथूनच फोन लावा.

## टप्पा ४: आवाज

यात जास्तीत जास्त लोक अडतात, म्हणून यावर मी पूर्ण दोन रविवार देते.

भीती वाटली की शरीर आपलं आपण काम करतं. छाती धडधडते, बोटं थरथरतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते, घसा कोरडा पडतो. काहींचं शरीर जागच्या जागी गोठतं. तो भित्रेपणा नाही, ज्या कुणाचं असं झालं असेल त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. यावर उपाय एकच, आवाज आधी काढून ठेवणं. आयुष्यात कधी मोठ्यानं ओरडली नसेल ती बाई त्या क्षणी ओरडू शकत नाही. आपल्या मुलींना लहानपणापासून हळू बोल असंच शिकवलेलं असतं, आणि मला त्याचा फार राग येतो.

सराव असा. पायांत खांद्याइतकं अंतर, पोटातून श्वास, हात छातीसमोर, आणि एकच शब्द: "मागे हो!" विनंती नाही, प्रश्न नाही. "भाऊ, काय पाहून राहिले तुम्ही?" म्हटलं की संवाद सुरू होतो, आणि त्याला तेच हवं असतं. दुसरं वाक्य लोकांसाठी: "हा माणूस मला त्रास देतोय!" नवरा-बायकोचं किंवा घरचं भांडण असेल असं समजून लोक पुढे येत नाहीत, त्यामुळे तेही सांगावं लागतं: "मी याला ओळखत नाही!" तिसरं, एकाच माणसाला बोट दाखवून: "लाल शर्टवाले दादा, ११२ लावा!" सगळ्यांना मिळून हाक मारली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. एकाला बोट दाखवलं की तो हलतो.

> तपासणी: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार उभा करा. चेहरा दिसणार नाही इतक्या अंतरावरून तुमचा शब्द त्याला स्पष्ट कळला तर पास. हसू आलं तर पुन्हा. पहिल्या रविवारी सगळ्यांना हसू येतंच, तिसऱ्या रविवारी येत नाही.

## टप्पा ५: वस्तू सोडा, निघा

कोणी चाकू दाखवून फोन किंवा पैसे मागितले तर द्या. वाद नाही, युक्ती नाही. हातात देऊ नका, एका बाजूला लांब टाका आणि विरुद्ध बाजूला पळा. त्याला एकच दिशा घेता येते. अचानक खिशात हात घालू नका. आधी तोंडानं सांगा, "खिशातून काढतो," मग काढा. लग्नातली साखळी, आईनं दिलेलं मंगळसूत्र जाताना जीव तुटतो, मला कळतं. हिसकावताना ते पकडून ठेवणाऱ्या बायका गाडीबरोबर फरफटल्या जातात. सोडून द्या.

एका गोष्टीला मात्र नाही म्हणायचं: "गाडीत बस," "तिकडे चल." वस्तू मागणारा वस्तू घेऊन जातो. दुसरीकडे नेणाऱ्याला जिथे कोणी पाहणार नाही अशी जागा हवी असते. इथे सगळी ताकद, सगळा आवाज पहिल्याच जागी लावा. जमिनीवर बसा, खांबाला मिठी मारा, ठेला उलटवा. नुकसान भरून देता येतं.

पळताना उजेडाकडे आणि माणसांकडे पळायचं, फक्त लांब नाही. रिकाम्या प्लॉटकडे वेगानं पळणाऱ्यापेक्षा चौकातल्या पानठेल्याकडे हळू पळणारा सुखरूप पोहोचतो.

### पोरांनो, हे तुमच्यासाठी

माझ्याकडे येणारे मुलगे म्हणतात, आम्हाला काय धोका. तुमचा धोका वेगळ्या वाटेनं येतो. कोणीतरी कट मारला, कोणी खुन्नस दिली, ठेल्यावर धक्का लागला, जुन्या पैशांवरून शब्द वाढला. चोराची वस्तू मिळाल्यावर गरज संपते, पण अपमान झालेल्या माणसाची संपत नाही, आणि त्याचे मित्र दोन फोनवर असतात. अशा वेळी वरचे टप्पे लागू आहेत, पण आवाज उलटा: हळू आणि थोडका. "माझी चूक झाली भाऊ," आणि गाडी काढा. चूक नसली तरी. गाडीवरून उतरू नका, किल्ली काढू नका, हेल्मेट काढू नका, "थांब बे, तुला दाखवतो" हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. मित्र भांडत असेल तर मदत म्हणजे त्याला दंडाला धरून बाहेर काढणं. आणि मिटवायला म्हणून कुणी रात्री अमुक ठिकाणी एकटा ये म्हटलं तर जायचं नाही. मिटवायचं असेल तर दिवसा, घरच्या मोठ्यांबरोबर.

खिशात चाकू ठेवणारेही असतात. ठेवू नका. झटापटीत तो कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि पोलिसांना सापडला तर गुन्हा तुमच्यावर.

## टप्पा ६: हात

आता पकड. तीनच शिका, पण हात आपोआप चालेपर्यंत.

मनगट पकडलं तर सरळ मागे ओढणं ही ठरलेली चूक. त्यात फक्त ताकदीची स्पर्धा होते. पकड सगळ्यात कच्ची असते ती अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे फिरवा, एक पाऊल त्याच्या दिशेनं टाका, कोपर त्याच्याकडे न्या आणि हात अंगठ्याच्या बाजूनं बाहेर काढा. शक्तीनं नाही, झटक्यानं.

केस धरले तर डोकं ओढू नका. दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्या डोक्यावर दाबून धरा, वेदना कमी होते आणि मान तुमच्या ताब्यात राहते. मग त्याच्याकडे वळा आणि नडगीवर लाथ.

मागून मिठी मारली तर आधी वजन खाली टाका, गुडघे वाकवा, त्यामुळे उचलणं अवघड होतं. टाचेनं त्याच्या पावलावर जोरात मारा, डोकं मागे आपटा, त्याचं एक बोट पकडून उलटं वाकवा.

मूठ वापरू नका. सराव नसलेल्याची मूठ हाडावर लागली की स्वतःचीच बोटं मोडतात. तळहाताचा मनगटाकडचा भाग नाकावर, गुडघा जांघेत, लाथ गुडघ्यावर. फटका एक किंवा दोन, आणि सुटल्याबरोबर टप्पा ५. जिंकायला थांबायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण कलम ३७ गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा देत नाही. पडलेल्याला मारत राहिलात तर हक्क संपतो.

स्प्रे. घ्यायचा असेल तर घ्या, या अटींवर. तो हातात किंवा किल्लीच्या जुडग्याला, बॅगेत नाही. टप्पा २ मधल्या तीन जागी बोट झाकणावर. मारा साधारण सहा ते दहा फुटांपर्यंत, डोळ्यांवर, आणि लगेच बाजूला. वारा तुमच्याकडे असेल तर मारू नका. बंद लिफ्टमध्ये किंवा ऑटोत मारलात तर तुम्हालाही तेवढाच लागेल. बाटलीवरची मुदत बघा. आणि नागपूरकरांनी खास लक्षात ठेवायचं: उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत तो ठेवू नका. अशा बाटल्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापवू नये असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हातली डिक्की त्याच्याही वर जाते.

> तपासणी: रोजचे कपडे, रोजची बॅग, पाठीवर ओझं. जोडीदार न सांगता मनगट धरतो. दोन सेकंदांत सुटका, मग "मागे हो!", मग वीस पावलं धाव, हे सगळं सलग. तीनदा जमलं की पास. दर महिन्याला पुन्हा.

## घरासाठी उन्हाळी तपासणी

कूलर बसवायला खिडकीचं ग्रील काढलेलं असतं आणि कूलर नुसता स्टँडवर टेकवलेला असतो. बाहेरून ढकलला की खिडकी मोकळी. कूलरभोवती लोखंडी चौकट बसवून घ्या. कूलरच्या आवाजात दाराची कडी हलली तरी ऐकू येत नाही, म्हणून आतून वर-खाली दोन कड्या. गच्चीवर झोपायला जाताना खालचं दार बाहेरून कुलूपबंद हवं आणि किल्ली उशाशी. लग्नाला गावाला निघताना स्टेटस टाकू नका, आल्यावर फोटो टाका. दार वाजलं की आधी आतून विचारायचं, मग साखळी लावून उघडायचं. आवाज ओळखीचा वाटला तरी.

घरात कोणी शिरल्याचं कळलं तर शोधायला जाऊ नका. सगळ्यांना एका खोलीत घ्या, कडी लावा, ११२ लावा, आणि तिथूनच ओरडा. चोराला बाहेर पडायची वाट मोकळी असली पाहिजे.

## टप्पा ७: नंतरचा एक तास

क्रम पाळा, कारण इथे लोक आधी घरी जातात, आंघोळ करतात, रडतात, झोपतात, आणि मग तक्रारीचा विचार करतात.

पहिलं, उजेडाच्या जागी पोहोचा आणि ११२. जागा सांगताना चौक आणि ठळक खूण सांगा, "घराजवळ" नको. दुसरं, जखम. भोसकलेली वस्तू अंगात असेल तर उपटू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि १०८. तिसरं, कपडे, नखं, ओढलेली पर्स, काहीच धुऊ नका. लैंगिक अत्याचार असेल तर तर नाहीच. त्या पीडितेला कोणत्याही रुग्णालयानं, खासगी असलं तरी, ताबडतोब मोफत उपचार द्यायचा असतो. चौथं, आठवतंय तोवर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा: किती जण, उंची, बोलण्याची ढब, गाडीचे आकडे, कोणत्या दिशेला गेले. तासाभरानं इतरांचं ऐकून आठवण बदलायला लागते. पाचवं, फोन गेला असेल तर सिम आणि बँक खातं बंद करा. खात्यातून पैसे गेले तर १९३०. संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक देऊन हँडसेट बंद करता येतो. तो क्रमांक *#०६# दाबून आज काढून वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर काढता येत नाही.

मग ठाणे. हद्द आमची नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर जाऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गानं कळवलंत तर तीन दिवसांत येऊन सही करायची. नोंद घ्यायला नकार दिला तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठवता येते.

शब्द जपून वापरा. फोन हिसकावला असताना घाईत "हरवला" असं लिहून देणारे मी बरेच पाहिले. त्यांना गहाळ झाल्याचा दाखला मिळतो आणि गुन्हा नोंदच होत नाही. हिसकावणं हा न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे "हिसकावला," "धमकी दिली," "चाकू दाखवला," जे घडलं तेच लिहा. लिहिलेलं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, चुकलं असेल ते दुरुस्त झाल्यावरच सही करा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती हातात आल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.